शेतमाल बाजाराचे नियमन : किती आणि कशासाठी?

बाजारावरील शासकीय नियमनाचे फायदे-तोटे तपासण्यासाठी शेतमालाच्या बाजाराइतके बोलके उदाहरण भारतात क्वचितच सापडेल. देशातील पहिला नियंत्रित बाजार १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने वऱ्हाडातील कारंजा येथे स्थापन झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी दराने मिळावा, हा त्यामागील हेतू होता. शेतकऱ्याच्या हिताचा विचार नंतरचा.

त्या काळी बाजारात आलेल्या शेतकऱ्याला इतरत्र काय भाव चालू आहे, हे ठाऊक नसे. काटा व्यापाऱ्याचा, कर्जही बहुधा त्याचेच. रुमालाखाली बोटे दाबून सौदा होई आणि मालधन्यालाच भाव कळत नसे. त्यातून पुन्हा कडता, धर्मादाय, नमुना अशा नावांखाली कपात होई. अर्थशास्त्रात या स्थितीला माहितीची विषमता म्हणतात. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली आणि स्वातंत्र्यानंतर, मुख्यतः १९६० व १९७० च्या दशकांत, बहुतेक राज्यांनी तसे कायदे केले. उघड लिलाव, प्रमाणित वजन, ठरावीक आकारणी आणि वेळेवर चुकारा ही या कायद्यांची देणगी होय.

तथापि, याच कायद्यांनी दुसरी एक गोष्ट केली. अधिसूचित मालाची घाऊक खरेदी-विक्री समितीच्या आवारातच आणि परवानाधारकांमार्फतच व्हावी, असे बंधन घातले. आवारात गाळा असल्याशिवाय परवाना नाही आणि गाळे तर मोजकेच, अशी अनेक ठिकाणी स्थिती झाली. नव्या खरेदीदाराचा प्रवेश रोखला गेला, जुन्यांना संगनमत सोपे झाले. ज्यांचे नियमन करायचे त्यांचाच नियामक संस्थेवर प्रभाव पडावा, हा नियमनाचा सर्वांत परिचित दोष येथे स्पष्ट दिसतो. सौद्याचे नियम आणि जागेची मक्तेदारी या दोन भिन्न गोष्टी एकाच कायद्यात गुंफल्या गेल्या. नियमनावरील वादात त्यांची गल्लत नेहमी होते. विद्यार्थ्यांनी ती टाळावी.

केंद्राने २००३ मध्ये आदर्श कायदा सुचवून खासगी बाजार, थेट खरेदी आणि करार शेती यांना वाट दिली. ‘बाजार आणि जत्रा’ हा विषय राज्यसूचीत असल्याने अंमलबजावणी राज्यांच्या इच्छेवर राहिली आणि बाजार शुल्काचे उत्पन्न सोडण्यास अनेक राज्ये नाखूश होती. बिहारने मात्र २००६ मध्ये कायदाच रद्द केला. मक्तेदारी गेली, पण तिच्याबरोबर लिलाव आणि देखरेखही गेली. जुन्या आवारांची दुरवस्था झाली, अपेक्षित खासगी गुंतवणूक आली नाही आणि लहान शेतकरी पुन्हा गावातील व्यापाऱ्याच्या दारी गेला. केरळमध्ये असा कायदा कधीच नव्हता, हा दाखला वारंवार दिला जातो. परंतु तेथील रबर, कॉफी, मसाले यांसाठी स्वतंत्र मंडळे आहेत, हे सांगायचे राहून जाते.

२०२० च्या केंद्रीय कायद्याने आवाराबाहेर शुल्कमुक्त व्यापारास मुभा दिली. आवारातील व्यवहारांवर शुल्क आणि बाहेर मात्र माफी, यामुळे समित्या व त्यांच्याभोवती उभी असलेली हमीभाव खरेदी कोसळेल, ही भीती पंजाब-हरियाणात तीव्र होती. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कायदे मागे घेतले गेले.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला आवाराबाहेर विकण्यास मोकळीक दिली आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. म्हणजे जागेचे बंधन सैल झाले, सौद्याचा नियम मात्र कडक झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या इलेक्ट्रॉनिक बाजाराचा अनुभवही याच दिशेचा आहे. दूरच्या राज्यातील खरेदीदार न पाहिलेल्या मालावर बोली लावतो ती केवळ संगणकाच्या भरवशावर नव्हे. त्याला प्रतवारीची प्रयोगशाळा, सर्वत्र चालणारा परवाना आणि तंटा सोडवणारी यंत्रणा लागते.