पोट लहान, पथ्य जन्माचं

माझा भाचा सोळा वर्षांचा, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला. उंची पाच फूट पाच इंच, वजन 128 किलो. बीएमआय 47 च्या आसपास. आमच्या भालकीत अजून त्याला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतात. झोपेत त्याचा श्वास अडकतो, मान काळी पडलीय, ते कुणाला दिसत नाही.

हैदराबादच्या सर्जननी स्लीव्हची शस्त्रक्रिया समजावली. दुर्बिणीतून जठराचा सुमारे पाऊण भाग काढतात, उरते केळ्याएवढी नळी. भूक लावणारं घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. काढलेलं परत जोडता येत नाही म्हटल्यावर ताई तिथंच रडली.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 2023 मध्ये तीव्र स्थूलता असलेल्या मुलांसाठी तेराव्या वर्षापासून वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियेचा पर्याय विचारात घ्यायला सांगितलं. अशा शस्त्रक्रियांवरच्या तिथल्या ‘टीन-लॅब्स’ अभ्यासातल्या 242 मुलामुलींचं वजन तीन वर्षांत सरासरी 27 टक्के उतरलं. टाइप 2 मधुमेह असलेल्यांपैकी 95 टक्क्यांचा मधुमेह हटला. पण 57 टक्क्यांच्या अंगात लोहाचा साठा कमी सापडला. मला धास्ती याच आकड्याची. आमचं घर शाकाहारी, बी12 ची आधीच बोंब. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, रक्त तपासत राहायचं. आणि हा तर तापाची गोळीही उशीखाली लपवणारा!

‘मावशी, नंतर लग्नात गोड हुग्गी चालेल का गं?’

डॉक्टर म्हणाले, दोन चमचे. आधी आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि थायरॉईडच्या तपासण्या, निर्णय परीक्षेनंतर.