गच्चीवरची टाकी आणि आंघोळीचा हिशोब

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यातली पहाट तेथे चांगलीच गार असते. तरीही बहुतेक मध्यमवर्गीय घरांत खोल्या उबदार ठेवण्याची सोय नसते. घरातले सुख म्हणजे हवे तेव्हा मिळणारे गरम पाणी. हे सुख दोन साधनांवर उभे आहे: गच्चीवरची टाकी, जिला तेथे ‘तिनाको’ म्हणतात, आणि गॅसवर चालणारा बंब.

शहराच्या अनेक भागांत पाणी ठरावीक वेळीच येते. ते जमिनीखालच्या हौदात साठते, पंपाने गच्चीवर चढते आणि स्वतःच्या वजनाने नळात उतरते. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे साधारण एक वातावरण दाब मिळतो. वरच्या मजल्यावर हे अंतर जेमतेम २ मीटर असते, म्हणून तिथल्या शॉवरची धार मंद असते. पूर्वी टाक्या अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या असत. आता प्लॅस्टिकच्या टाक्या सर्रास दिसतात. त्यांत उजेड शिरत नसल्याने शेवाळ वाढत नाही.

आता एका आंघोळीचा हिशोब पाहू. आम्ही पाणी ८० लिटर, म्हणजे ८० किलोग्रॅम धरले आहे. शहर व परिसराला लागणाऱ्या पाण्याचा साधारण पाव हिस्सा १९८२ मध्ये सुरू झालेल्या कुत्सामाला योजनेतून येत आला आहे. हे पाणी सुमारे १,१०० मीटर वर चढवावे लागते. त्यासाठी निदान ८० × ९.८ × १,१००, म्हणजे सुमारे ८.६ लाख ज्यूल ऊर्जा हवी. तेच पाणी १५ अंशांवरून ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला ८० × ४,२०० × २५, म्हणजे ८४ लाख ज्यूल लागतात. डोंगर चढवण्याच्या जवळजवळ दहापट! पंप आणि बंब यांतील तूट वेगळीच.

तेव्हा ऊर्जा वाचवायची तर सुरुवात बंबापासून करावी. तेथील काही गच्च्यांवर टाकीशेजारी सौर बंब दिसतात, ते याचसाठी. पण गॅसऐवजी ऊन वापरता येते, पाण्याऐवजी काय वापरणार? २०२४ मध्ये कुत्सामालाच्या धरणांतील साठा फार घटला होता. अशा वेळी हौद आणि टाकी असलेल्या घराला टंचाई उशिरा कळते. पिंपावर भागवणाऱ्या घराला ती पहिल्याच दिवशी कळते. टाकी पाणी निर्माण करत नाही, टंचाई काही दिवस नजरेआड ठेवते.

शिक्षकांनी शाळेच्या टाकीची उंची मोजून तळमजल्यावरच्या नळाचा दाब मुलांकडून काढून घ्यावा. मग एकच प्रश्न विचारावा: हे पाणी इथवर कुणी, कुठून आणि किती उंच चढवले?