'ब्लर' म्हणजे नक्की काय?

'फोटो ब्लर आलाय', 'मागचं जरा ब्लर कर', 'आजीला हल्ली ब्लर दिसतं'. जळगावच्या नवी पेठेत काय किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर काय, हा इंग्रजी शब्द आता घरच्यासारखा वावरतो. पाहुणा आला याची तक्रार नाही. पण त्याने घरातल्या माणसांच्या जागा अडवल्या, तर विचारपूस करायला हवी!

हा पाहुणा मूळचा शाईचा डाग आहे. सोळाव्या शतकापासून इंग्रजीत दिसणाऱ्या या शब्दाचा जुना अर्थ, लिहिलेल्यावर बोट फिरून शाई फासली जाणे, असा आहे. पुढे तो नावलौकिकावरच्या डागालाही लागू झाला, कॅमेरा आल्यावर हललेल्या चित्राला चिकटला आणि आता दोन गोष्टींमधली सीमारेषा पुसट झाली तरी इंग्रज तेच क्रियापद वापरतो. गंमत अशी की, आपला 'संदिग्ध' हा भारदस्त शब्दही 'दिह्', म्हणजे माखणे, लिंपणे, या संस्कृत धातूवरून आला आहे. शब्दांची कुळे शोधण्यात रमणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना हे साम्य नक्की आवडले असते. 1926 साली धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि 1927 साली त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या मोडी कागदांत आयुष्य घालवलेल्या माणसाला पुसट अक्षर आणि मोघम मजकूर यांतला फरक कोणी शिकवायला नको. पुसट अक्षर भिंगाखाली धरता येते. मोघम मजकुराला भिंगाचा काय उपयोग? तिथे लिहिणाऱ्यानेच हात राखलेला असतो.

मराठी माणूस नुसते 'नीट दिसत नाही' म्हणून थांबत नाही. का दिसत नाही, तेही त्याच शब्दात सांगून टाकतो. पुसून गेले ते पुसट, धुरामुळे झाले ते धुरकट, उजेड अपुरा म्हणून अंधुक. मे महिन्यात वारा सुटला की पारोळा-एरंडोलकडचे रान धूसर होते. धूसर म्हणजे धुळीच्या रंगाचे, आणि ते काय, हे खानदेशच्या माणसाला कोशात पाहावे लागत नाही. पहाटेच्या अर्धवट उजेडाला तर आपण 'झुंजूमुंजू' असे लाडके नाव ठेवले आहे. त्याला ब्लर म्हणून पाहा बरे!

आता आजींकडे वळू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे नातू सांगतो, 'ब्लर दिसतं.' डॉक्टरांना त्यातून फारसे कळत नाही. आजींना बोलू दिले, तर त्या म्हणतील, 'धुक्यातून पाहिल्यासारखं वाटतं, नि रात्री समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर फुटतो.' हे वर्णन बहुधा मोतीबिंदूकडे बोट दाखवते. पोथीतले अक्षर जवळून लागत नाही पण रस्त्यावरचा माणूस ओळखू येतो, ही चाळिशीची गोष्ट. लांबचे लागत नाही, ही निराळी. सरळ ओळी वाकड्या दिसतात, मधोमध डाग दिसतो, असे असेल तर डॉक्टर पडद्याचा मधला भाग तपासतात. एकाची दोन दिसणे हा प्रकारच वेगळा. निदान अर्थात तपासणीनेच व्हायचे. पण तपासणी कुठून सुरू करायची, हे आजींच्या शब्दांवरून ठरते.

म्हणून दवाखान्यात आजींचे भाषांतर करू नये. आणि 'एकाएकी बाजूने काळा पडदा सरकल्यासारखं झालं', असे त्यांनी सांगितले, तर दिवाळीचा फराळ, पाहुणे, सोयीचा वार, काही पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.