आबांचं आधण

पहाटेचे तीन वाजलेले असायचे. भोगावतीकडून गार वारा सुटलेला, चुलवाणात चिपाडं फडफडत जळत असलेली आणि आबा काहिलीशेजारी मान जराशी तिरकी करून उभे. त्यांचं लक्ष रसाच्या आवाजाकडे असायचं. रस पातळ असतो तेव्हा नुसता खळखळतो. पाणी आटत गेलं की बुडबुडे जड होतात, आवाज खोल जातो आणि शेवटी भाताच्या पेजेसारखं पुट्‌पुट्‌ ऐकू येतं. ते ऐकू आलं की आबा शेजारच्या घमेल्यातल्या गार पाण्यात बोटं बुडवायचे.

माझे आजोबा गुळव्या होते. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आमचं गुऱ्हाळ चालायचं आणि घरातली अकरा माणसं त्या चार-पाच महिन्यांवर जगायची. दोन आत्यांची लग्नं, धाकट्या काकांचं कॉलेज, आज्जीच्या डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं त्या एका काहिलीतून निघालं. राजर्षी शाहूंनी राधानगरीचं धरण हाती घेतलं आणि शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, म्हणून आपल्या चुली पेटल्या, असं आबा आम्हाला सांगायचे. महाराजांचं नाव घेताना ते हात जोडत.

ऊस घाण्यावर आला की आबा आधी मालकाला रानाबद्दल विचारत. काळं रान की मुरमाड? खत किती टाकलं? शेवटचं पाणी कधी दिलं? चोपण रानातल्या उसाचा गूळ खारट होतो आणि पावसाळ्यात पाझरतो. मग ते ओंजळभर रस चाखत आणि चुन्याची निवळी किती घालायची ते तिथंच ठरवत. चुना कमी पडला तर गूळ बसत नाही, जास्त झाला तर काळा पडतो. रानभेंडीची ताटं ठेचून पाण्यात चोळायची, ते बुळबुळीत पाणी तापत्या रसात सोडायचं, की सगळी मळी फेसासारखी वर येते. ती निगुतीनं काढणं हे खरं कसब, असं मला आजही वाटतं. पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं. मळी काढताना आबांशी कुणी बोलत नसे. नंतर फेस काठापर्यंत चढला की ते एरंडेलाचे चार थेंब टाकत आणि तो चढता फेस खाली बसायचा. लहानपणी मला ती जादू वाटायची.

शंभर किलो उसामागं दहा-बारा किलो गूळ. एका आधणाला अडीच-तीन तास. दिवस-रात्र मिळून सहा-सात आधणं निघत, आणि प्रत्येकाचा शेवट आबांच्या बोटांवर होई. पळीनं पाकाचा थेंब पाण्यात सोडायचा, बोटांनी वळायचा आणि ती गोळी वाफ्याजवळच्या काळ्या दगडावर आपटायची. टण्णदिशी आवाज आला की आबा म्हणत, "झालंय. उतरवा." मग चार गडी कड्यांत दांडे घालून काहील उचलत आणि पाक वाफ्यात ओतत. तो थोडा निवला की ओल्या फडक्यावर तीस किलोचे रवे भरायचे. त्या दोन शब्दांना उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर रवा उभा राहत नाही. एकदा कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राच्या शिबिरातून काका तापमापक घेऊन आले. पाक ११८ अंशांना उतरवावा, असं तिथं सांगितलं होतं. आबांनी तो चार आधणांना लावून पाहिला आणि हाताखालच्या शिकाऊ गड्याला देऊन टाकला. "ह्यानं लवकर शिकशील. मला बारा वर्सं लागली," म्हणाले.

चौदाव्या वर्षी एका रात्री मी चुलवाणात जाळ घालायला बसलो होतो. शेवटी जाळ कमी करायचा असतो. मला डुलकी लागली, दचकून जागा झालो आणि घाबरून चिपाडाची मोठी कवळ आत लोटली. करपट वास सुटला तेव्हा आबा घाण्याकडे गेलेले होते. ते पळत आले, पण आधण गेलं होतं. ऊस वीस गुंठ्यांवर घर चालवणाऱ्या एका विधवा बाईचा. आबा मला एक अक्षर बोलले नाहीत. सकाळी त्यांनी आमच्या उसाचे सहा चांगले रवे तिच्या गाडीत चढवले आणि करपलेले आमच्या थप्पीला लावले. दुसऱ्या रात्री मी चुलवाणाकडे निघालो, तर त्यांनी मला काहिलीजवळ बोलावलं. "आज जाळ न्हाई. आज हितं बस आनि नुसतं ऐक."

त्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंत उडालेल्या पाकाचे डाग होते. आम्ही नातवंडं ते मोजायचो आणि दर वर्षी आकडा चुकायचा, कारण नवे पडलेले असायचे. गुऱ्हाळावर आलेलं माणूस, मग ते वाटसरू का असेना, रस प्यायल्याशिवाय किंवा उसाच्या पाल्यावर गरम गूळ घेतल्याशिवाय त्यांनी परत जाऊ दिलं नाही.

पुढं बाजारात पिवळ्याधमक गुळाला दर आणि तांबूस गुळाला नाक मुरडणं सुरू झालं. त्या रंगासाठी काहिलीत हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर पडू लागली. उसाचा मालक म्हणाला तर आबा ती घालत, माल त्याचा होता. पण त्या दिवशी ते पोरांच्या हातावर गूळ ठेवत नसत. यात गुऱ्हाळवाल्याइतकाच दोष दुकानात रंग बघून गूळ घेणाऱ्या आपला आहे, असं मी अगदी मनापासून म्हणतो. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी वाचून दाखवली तेव्हा आबांनी विचारलं, "म्हंजे पिकवणाऱ्याला चार पैसं जास्ती मिळतील?" मला उत्तर देता आलं नाही.

आबा गेले ते मार्गशीर्षात, ऐन हंगामात. दिवसभर घाणा बंद होता. स्मशानातून परतलो तेव्हा अंगणाच्या कडेला तोडलेल्या उसाच्या मोळ्या पडलेल्या होत्या. तोडलेला ऊस वाळत राहतो, साखर उतरते, गूळ मऊ पडतो. मालक बिचारा लांब उभा होता. कसं विचारावं, हे त्याला कळत नव्हतं. आज्जीच बाहेर आली. "त्याचा ऊस वाळतोय. चूल पेटवा. त्यास्नी हे खपलं नसतं."

रात्री त्या शिकाऊ गड्यानं, आता त्याचीही चाळिशी उलटली होती, आधण लावलं. मळी काढली, एरंडेल सोडलं. तापमापक भिंतीला लटकत होता, त्यानं तो काढला नाही. पुट्‌पुट्‌ सुरू झालं तसे आम्ही सगळे गप्प झालो. त्यानं थेंब पाण्यात वळला, गोळी दगडावर टाकली आणि सवयीनं मागं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. त्याच्यानं पुढं बोलवेना.

तीस पावलांवर घराच्या उंबऱ्यात आज्जी बसली होती. दिसत तर तिला फारसं नव्हतंच. पन्नास-पंचावन्न वर्षं तिनं तो आवाज तिथूनच ऐकला होता.

"झालंय," ती तिथूनच म्हणाली. "उतरवा."