यकृताच्या कर्करोगावर रोहिणीमार्गे औषधोपचार

झाशी – यकृताच्या कर्करोगाचे निदान अनेकदा उशिरा होते. गाठ मोठी झालेली असते किंवा एकाऐवजी अनेक गाठी आढळतात. 'शस्त्रक्रिया शक्य नाही' असे डॉक्टरांनी सांगताच उपचारच संपले, असा समज कुटुंबीय करून घेतात. हा समज प्रत्येक वेळी खरा नसतो. यकृताच्या रोहिणीतून थेट गाठीपर्यंत औषध पोहोचविण्याची पद्धत अशा काही रुग्णांसाठी उपलब्ध आहे. 'ट्रान्सआर्टीरियल कीमोएम्बोलायझेशन' किंवा संक्षेपाने 'टेस' या नावाने ती ओळखली जाते.

या पद्धतीचे मर्म यकृताच्या रक्तपुरवठ्यात आहे. यकृताला दोन वाटांनी रक्त मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल नीलेतून आणि उरलेले यकृत रोहिणीतून येते. कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ पूर्णपणे रोहिणीवरच पोसली जाते. त्यामुळे गाठीकडे जाणारी रोहिणीची फांदी बंद केली तरी निरोगी यकृत दुसऱ्या वाटेच्या रक्तावर तग धरू शकते.

जांघेतील किंवा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी आत सरकवून क्ष-किरणांच्या साहाय्याने ती यकृतापर्यंत नेली जाते. रुग्णाला सहसा पूर्ण भूल द्यावी लागत नाही. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध लिपिओडॉल या तेलात मिसळून गाठीत सोडतात. हे तेल खसखशीच्या तेलापासून बनविलेले आयोडीनयुक्त द्रव्य आहे आणि ते गाठीत रेंगाळते. नंतर सूक्ष्म कणांनी रक्ताची वाट बंद केली जाते. औषध आत कोंडले जाते आणि गाठीची उपासमारही होते.

या उपचाराला भक्कम आधार मिळाला तो २००२ मध्ये. बार्सिलोना येथील चाचणीत ११२ रुग्ण होते. दोन वर्षांनंतर हा उपचार घेतलेल्यांपैकी ६३ टक्के, तर केवळ लक्षणांवर उपचार घेतलेल्यांपैकी २७ टक्के रुग्ण हयात होते. हाँगकाँगमधील ८० रुग्णांच्या चाचणीत हेच प्रमाण अनुक्रमे ३१ आणि ११ टक्के होते. दोन्हीकडचे रुग्ण सारखे नव्हते, म्हणून आकड्यांत अंतर आहे. दिशा मात्र एकच आहे. आयुष्य वाढते, परंतु रोग समूळ जाईलच असे नाही, हे नातेवाईकांना आधीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

रुग्णाची निवड हा यातील सर्वांत नाजूक भाग आहे. पोर्टल नीलेच्या मुख्य भागात अडथळा असेल, कावीळ वाढली असेल किंवा पोटात बरेच पाणी साचले असेल, तर रोहिणी बंद केल्याने यकृतच निकामी होण्याचा धोका असतो. अशा वेळी उपचार नाकारणारा डॉक्टर निष्ठुर नसतो. उपचारानंतर काही दिवस ताप, पोटदुखी व मळमळ होते. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून, गरज भासल्यास उपचार पुन्हा दिला जातो.

झाशी येथे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे. तथापि 'टेस'साठी रक्तवाहिन्यांचे चित्रण करणारे विशेष यंत्र आणि त्यात निष्णात रेडिओलॉजिस्ट असावे लागतात. झाशीहून लखनौची संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था सुमारे ३०० किलोमीटर, तर दिल्लीची 'एम्स' सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. मराठेशाहीपासून बुंदेलखंडात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे आप्त मुंबई-पुण्यात असतात, त्यामुळे टाटा स्मारक रुग्णालयाचा विचार आधी मनात येतो. पण हा उपचार पुन्हा पुन्हा घ्यावा लागू शकतो, तेव्हा जवळचे केंद्र निवडणे अधिक शहाणपणाचे.

निघण्यापूर्वी सीटी स्कॅनची मूळ सीडी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन व रक्त गोठण्याच्या तपासण्यांचे अहवाल आणि हिपॅटायटिस 'बी' व 'सी'चे निष्कर्ष सोबत घ्यावेत. 'आयुष्मान' कार्ड असल्यास हा उपचार त्यात बसतो की नाही, याची चौकशी त्या रुग्णालयात आगाऊ करावी.