परक्या दारचे वायफाय



लॅपटॉप बरोबर घेऊन प्रवास करणे ही आता केवळ व्यापाऱ्यांची किंवा कंपनीतल्या बड्या अधिकाऱ्यांची गोष्ट राहिलेली नाही. परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी, लग्नाला परगावी येऊनही रात्री कार्यालयाचे काम उरकणारी नोकरदार स्त्री, मुलीकडे निघालेले पेन्शनर गृहस्थ, सर्वांच्याच पिशवीत तो असतो. घरी बिनतक्रार चालणारा हा लॅपटॉप हॉटेलच्या खोलीत किंवा रेल्वे स्टेशनवर गेला की मुकाट बसतो. पडद्यावर वायफायची पंख्यासारखी खूण दिसते, ‘कनेक्टेड’ असा शब्दही उमटतो, आणि पान काही उघडत नाही. काउंटरवर विचारावे तर तिथला माणूस म्हणतो, ‘आमच्याकडे चालू आहे, साहेब.’ त्याचेही खरे असते आणि आपलेही खरे असते. दोघे एकच शब्द वापरून दोन निराळ्या गोष्टी सांगत असतात, एवढाच घोटाळा.

‘जोडले गेले’ ही एक घटना नाही. तिच्यात निदान तीन पायऱ्या आहेत. पहिली लहरींची, दुसरी पत्त्याची आणि तिसरी दारावरच्या नोंदीची. या तिन्ही पार पडल्या म्हणजे मगच इंटरनेट. कोणती पायरी अडली ते ओळखले की उपाय बहुधा दोन मिनिटांचा असतो. ते न ओळखता केलेली धडपड म्हणजे कुलूप एका दाराला आणि किल्ली दुसऱ्या दाराला, असा प्रकार.

पहिली पायरी लहरींची. लॅपटॉप आणि भिंतीवरचे वायफायचे यंत्र एकमेकांशी रेडिओलहरींनी बोलतात. या लहरींचे दोन पट्टे सर्वत्र प्रचारात आहेत, २.४ गिगाहर्ट्झचा आणि ५ गिगाहर्ट्झचा. पहिला भिंती ओलांडून लांब जातो, पण त्यावर गर्दी फार. शेजारपाजारची वायफाय, ब्लूटूथची साधने आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा त्याच पट्ट्यात वावरतात. दुसरा वेगवान, पण दोन भिंतींत दमतो. पुष्कळ हॉटेलांत हे यंत्र खोलीत नसून बाहेरच्या बोळात छताला लावलेले असते. खिडकीजवळच्या टेबलावर रेंज येत नसेल, तर लॅपटॉप दाराजवळ आणून पाहावा. मात्र ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, तो पंखा फक्त लॅपटॉप आणि ते यंत्र यांच्यामधल्या लहरींचा जोर दाखवतो. त्या यंत्राच्या पलीकडे इंटरनेट आहे की नाही, याविषयी तो काहीच सांगत नाही. पंखा भरलेला असूनही पान उघडत नसेल, तर पहिली पायरी पार पडली असे समजून पुढे जावे.

दुसरी पायरी पत्त्याची. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक लागतो, कारण उत्तर कोणाकडे परत पाठवायचे हे त्यावरूनच ठरते. घरी काय किंवा हॉटेलात काय, हा क्रमांक आपण देत नाही. लॅपटॉप आत आला की तो मागणी करतो आणि तिथला राउटर त्याला काही मुदतीपुरता एक क्रमांक भाड्याने देतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. आता लहान हॉटेलातल्या साध्या मांडणीत असे सुमारे अडीचशेच क्रमांक वाटण्यासाठी असतात. लग्नसराईत दोनशे पाहुणे उतरले, प्रत्येकाजवळ एक फोन, काहींजवळ दोन, म्हणजे क्रमांक संपले. त्यातून मुदत चोवीस तासांची ठेवलेली असली, तर सकाळी निघून गेलेल्या पाहुण्याचा क्रमांक दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतो. रात्री दहाला आलेल्या आपल्या लॅपटॉपला मग कोणी क्रमांक देत नाही.

हे ओळखायचे कसे? वायफायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कचे गुणधर्म उघडले की आयपी पत्ता दिसतो. तो १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर लॅपटॉपला कोणी पत्ता दिलेला नाही. वाट पाहून त्याने आपल्यापुरता एक घेतला आहे. अशा वेळी पासवर्ड दहा वेळा घालून काहीही होणार नाही. त्या नेटवर्कवर ‘विसरा’ हा पर्याय निवडावा आणि नव्याने जोडून पाहावे. तरीही तेच अंक आले, तर काउंटरवर ‘नेट चालत नाही’ असे न सांगता ‘माझ्या लॅपटॉपला आयपी पत्ता मिळत नाही’ असे सांगावे. राउटर बंद करून पुन्हा चालू करणे हे काम त्यांचे आहे, आणि या वाक्याने ते त्यांना सुचते. कार्यालयातून मिळालेल्या काही लॅपटॉपांत कायमचा पत्ता भरून ठेवलेला असतो. तो परक्या नेटवर्कवर चालत नाही. तिथे पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय निवडावा लागतो.

तिसरी पायरी दारावरच्या नोंदीची, आणि बहुतेकांचे घोडे अडते ते इथेच. सार्वजनिक वायफायवर पत्ता मिळाला तरी बाहेर जाण्याचा रस्ता लगेच खुला होत नाही. मध्ये एक द्वारपाल उभा असतो. तो म्हणतो, आधी नाव लिहा, खोली क्रमांक सांगा, नियम मान्य करा, मग जा. हे सांगण्यासाठी तो एक युक्ती करतो. आपण मागितलेले पान तो वाटेतच अडवतो आणि त्याऐवजी स्वतःचे नोंदणीचे पान पुढे करतो.

ही युक्ती पूर्वी बिनबोभाट चालत असे, कारण तेव्हा बहुतेक पाने उघड्या पोस्टकार्डासारखी ये-जा करीत. आज जवळजवळ सर्व मोठी संकेतस्थळे एचटीटीपीएस या पद्धतीने, म्हणजे मोहोरबंद लिफाफ्यातून, मजकूर पाठवतात. ब्राउझर मोहोर तपासतो. द्वारपालाने मध्येच आपले पान सरकवले, तर मोहोर जुळत नाही आणि ब्राउझर ते पान नाकारतो. म्हणून आपण बँकेचे किंवा मेलचे पान मागतो तेव्हा नोंदणीचे पान दिसतच नाही. दिसते ती धोक्याची सूचना, नाहीतर नुसता कोरा पडदा.

यावर संगणक बनवणाऱ्यांनी तोड काढली आहे. वायफाय लागताक्षणी विंडोजचा लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ठरावीक ठिकाणाहून एक लहानशी ओळ मागवतो, ॲपलचा लॅपटॉप ‘सक्सेस’ एवढाच शब्द मागवतो. ही मागणी मुद्दाम बिनमोहोरेची असते. ठरलेले उत्तर आले तर रस्ता मोकळा. दुसरेच काही आले तर मध्ये द्वारपाल आहे, असे ओळखून लॅपटॉप नोंदणीचे पान आपणहून उघडतो. बहुधा हे सुरळीत पार पडते. जेव्हा पडत नाही, तेव्हा ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी एखाद्या बिनमोहोरेच्या संकेतस्थळाचा पत्ता आपण स्वतः लिहावा. ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ हे ठिकाण याच कामासाठी काढलेले आहे. द्वारपालाला अडवण्याजोगे पान मिळाले की त्याचे नोंदणीचे पान पुढे येते. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

येथे एखादा श्रोता विचारील की, हा द्वारपाल हवाच कशाला? हॉटेलवाल्याला आपल्या गिऱ्हाइकापुरतेच वायफाय ठेवायचे असते, हे एक कारण. आपल्या देशात दुसरेही कारण आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका उघड्या वायफायवरून गेल्याचे आढळले. त्या नेटवर्कच्या मालकाला त्याचा पत्ताही नव्हता. पुढे २००९ साली दूरसंचार खात्याने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याविषयी सूचना काढल्या. म्हणून आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मोबाइल क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी मागतात. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनवर रेलटेलने गूगलच्या साहाय्याने वायफाय सुरू केले, तेही याच पद्धतीने. गूगलने २०२० साली त्यातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले तरी रेलटेलची सेवा चालू राहिली. परदेशातून सुटीवर आलेल्या आपल्या मुलाबाळांची गैरसोय होते ती येथे, कारण परदेशी क्रमांकावर ओटीपी पुष्कळदा येतच नाही. अशा वेळी घरातल्या माणसाने स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट द्यावा, हे सरळ.

हॉटेलात खोली क्रमांक आणि आडनाव मागतात. आडनाव म्हणजे आपले खरे आडनाव नव्हे, तर काउंटरवरच्या संगणकात जसे लिहिले आहे तसे. तिथे ‘कुलकर्णी’चे स्पेलिंग निराळे असेल किंवा आडनावाच्या जागी पहिले नाव पडले असेल, तर द्वारपाल आपल्याला ओळखणार नाही. एका खोलीला दोन किंवा तीनच यंत्रांची परवानगी असेल, तर दोन फोन जोडल्यावर लॅपटॉप बाहेर राहतो. शिवाय द्वारपाल यंत्राला ओळखतो ते त्याच्या वायफायच्या अंगभूत क्रमांकावरून. पाळत टळावी म्हणून हल्लीची यंत्रे हा क्रमांक बदलून सांगू शकतात. आयफोनमध्ये ही सोय २०२० साली आली, ॲपलच्या लॅपटॉपांत २०२४ साली. विंडोजमध्येही ती आहे. क्रमांक बदलला की द्वारपालाला तोच लॅपटॉप नवा पाहुणा वाटतो आणि तो पुन्हा नोंदणी मागतो. मुक्कामापुरता त्या एका नेटवर्कसाठी क्रमांक कायम ठेवला म्हणजे झाले.

कधी कधी दोष लॅपटॉपच्या जुन्या सवयींत असतो. कार्यालयाचा व्हीपीएन आपोआप सुरू होत असेल, तर तो नोंदणीपूर्वीच बाहेर जाऊ पाहतो आणि अडतो. तो बंद करावा, नोंदणी करावी, मग पुन्हा चालू करावा. हाताने भरलेला प्रॉक्सी किंवा डीएनएस असेल, तर तोही तेवढ्यापुरता काढावा. आणखी एक क्षुल्लक दिसणारी गोष्ट म्हणजे घड्याळ. बरेच दिवस बंद राहिलेल्या जुन्या लॅपटॉपची तारीख मागे पडते. प्रत्येक मोहोरेला मुदत असते. तारीख चुकली की खऱ्या मोहोराही खोट्या ठरतात आणि जिकडेतिकडे धोक्याच्या सूचना दिसतात.

आता या सूचनांविषयी. ‘हे ठिकाण सुरक्षित नाही, तरीही पुढे जायचे का?’ असे ब्राउझर विचारतो आणि कंटाळलेला प्रवासी ‘पुढे जा’ म्हणतो. या एका सवयीपायी संपूर्ण व्याख्यान द्यावे इतका हा मुद्दा मोलाचा आहे. द्वारपाल जे करतो, म्हणजे आपल्या आणि आपल्या बँकेच्या मध्ये उभे राहून स्वतःचे पान पुढे करतो, तेच चोरही करतो. हॉटेलच्या नावासारखेच नाव देऊन शेजारच्या खोलीतून कोणीही वायफाय सुरू करू शकतो. त्याला फारशी विद्या लागत नाही. दोघांचा पोशाख सारखाच. अशा वेळी पाहुण्याच्या हाती एकच पारख असते, आणि ती म्हणजे मोहोर. ती जुळत नाही असे ब्राउझर ओरडून सांगत असता आपण पुढे गेलो, तर शेवटचा पहारेकरीही आपणच घालवला.

म्हणून नियम सोपे ठेवावेत. नेटवर्कचे नेमके नाव काउंटरवर विचारून घ्यावे. बँकेच्या किंवा मेलच्या पानावर धोक्याची सूचना आली, तर तिथून मागे फिरावे, आणि नोंदणीसाठी वर सांगितलेले बिनमोहोरेचे पान उघडावे. नोंदणीच्या पानाने खोली क्रमांक, नाव, मोबाइल आणि ओटीपी मागणे रास्त आहे. मेलचा पासवर्ड किंवा बँकेचा पिन मागणे कधीही रास्त नाही. तो ओटीपीही कोणी पाठवला आणि कशासाठी, हे संदेशात वाचूनच भरावा. उलट, मोहोर नीट जुळत असेल तर परक्या वायफायवर मेल पाहण्याची धास्ती बाळगण्याचेही कारण नाही. लिफाफा बंद असतो. पैशाचा व्यवहार तेवढा फोनच्या स्वतःच्या डेटावरून करावा, म्हणजे शंकेला जागा उरत नाही.

तात्पर्य, लॅपटॉप अडला की क्रमाने तीन प्रश्न विचारावेत: लहर येते का, पत्ता मिळाला का, नोंद झाली का? आणि तिन्हींची उत्तरे शोधताना मोहोर तुटलेल्या दारातून आत जाऊ नये. एवढे पाळूनही यश आले नाही, तर दोष त्यांच्याकडे आहे असे खुशाल समजावे आणि काउंटरवर जाऊन कोणती पायरी अडली ते सांगावे. नेमकी तक्रार करणाऱ्याचे काम लवकर होते, हा अनुभव वायफायपुरताच नाही.