जत्रेआधीचा गोठा

शर्यतीच्या बैलाचा गोठा शेतकामाच्या गोठ्याहून वेगळा असतो, आणि हा वेगळेपणा आत पाऊल टाकताच जाणवतो. जमीन कोरडी असते. खाली भाताच्या पेंढ्याचा जाड थर किंवा रबरी मॅट अंथरलेली असते. एका बैलाचे शिंग दुसऱ्याला लागू नये म्हणून दावणीत मोकळे अंतर सोडलेले असते आणि संध्याकाळी डासांसाठी धूर केला जातो. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत बहुतेक नांगरट आता पॉवर टिलर आणि ट्रॅक्टरवर होते. तरीही अनेक घरांत बैलजोडी टिकून आहे, आणि त्यामागे मोठे कारण शर्यतीच्या नादाचे आहे.

या भागात शर्यतीचा हंगाम भातावर ठरतो. पावसाळाभर खाचरांत चिखल असतो. कापणी आणि झोडणी उरकली की जमीन वाळते आणि धावपट्टीसाठी माळ मोकळे होतात. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. घोंगड्यांसाठी आणि गुरांच्या मोठ्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. गुरांचा बाजार म्हणजे जाणकारांची पारख, नव्या खोंडांचा शोध आणि येत्या हंगामाची बोलणी. त्यानंतर वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा चालतात. त्यामुळे दिवाळी ते पौष पौर्णिमा हा गोठ्यातला सर्वांत कष्टाचा काळ ठरतो.

सह्याद्रीच्या पायथ्याचे मूळ जनावर डांगी. त्याच्या कातडीवर तेलकट स्राव येतो, त्यामुळे मुसळधार पाऊस त्याला बाधत नाही, आणि काळे कठीण खूर खडकाळ वाटेवर टिकतात. चिखलणीला आणि डोंगरउतारावरच्या कामाला हा बैल उत्तम, पण तो अंगाने जड आणि चालीने संथ. शर्यतीसाठी बैल घाटावरून येतो. सांगोला, आटपाडी, जत, माण या कमी पावसाच्या पट्ट्यातला खिल्लार लांब पायांचा, आवळ अंगाचा आणि तापट असतो. अलीकडे कर्नाटकातले म्हैसुरी बैलही बरेच दिसतात. कोरड्या हवेतल्या या जनावराला कोकणातल्या दमट हवेत जपावे लागते. गोठ्याच्या कोरडेपणावर एवढा कटाक्ष असतो तो यासाठीच. ओलीत उभ्या राहिलेल्या बैलाचे खूर मऊ पडतात आणि मऊ खुराचा बैल पळत नाही.

वय दातांवरून सांगितले जाते. दुधाचे दात असलेला तो आदत. पहिली पक्की जोडी आली की दुसा, दुसरी आली की चौसा, आणि आठही दात आले की बैल जुळला. आदत बैलांच्या वेगळ्या शर्यती होतात. मात्र ऐन वाढीच्या वयात वारंवार पळवलेल्या खोंडाच्या सांध्यांवर ताण येतो. चांगला मालक त्याला वर्षभर केवळ चालवतो, माणसांची आणि आवाजाची सवय लावतो आणि वाट पाहतो. हा संयम विकत मिळत नाही, आणि गोठ्याची खरी ओळख त्यातूनच होते.

खुराकाचे शास्त्र सर्वांत नाजूक. शर्यतीचा घोडा आणि शर्यतीचा बैल यांच्यातला मूळ फरक पोटाचा आहे. बैल रवंथ करणारा. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि त्यातून त्याला शक्ती मिळते. या सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. जत्रा जवळ आली म्हणून एकदम धान्य वाढवले, तर पोटात आम्ल साचते, बैल रवंथ सोडतो, लंगडतो आणि प्रसंगी दगावतो. म्हणून सरकी पेंड, हरभऱ्याचा भरडा, मका, गहू, उडीद यांचे प्रमाण दिवाळीपासून थोडे थोडे चढवले जाते. काही मालक दूध, अंडी, बदामही देतात. मायेने दिलेल्या या खाण्याचा उपयोग मर्यादितच, कारण बैलाचा पाया चाऱ्यावर उभा असतो. भाताच्या पेंढ्यात प्रथिने कमी आणि सिलिका भरपूर, त्यामुळे नुसत्या पेंढ्यावर पळणारा बैल तयार होत नाही. त्याला ज्वारीचा कडबा लागतो, पण ज्वारी या तालुक्यांत पिकत नसल्याने तो घाटावरूनच आणावा लागतो आणि शर्यतीच्या गोठ्याच्या खर्चात त्याचा वाटा मोठा असतो.

सराव पहाटे होतो, ऊन चढण्याआधी. सुरुवातीला फक्त चालणे: बांधावरून, मऊ मातीतून, चढावर. मग नांगरलेल्या रानात छकडा, म्हणजे शर्यतीची हलकी गाडी, ओढणे, ज्याने खांदा आणि मागचे पुठ्ठे भरतात. काळू, भातसा यांसारख्या नद्यांच्या काठच्या गावांत बैल डोहात पोहवले जातात. पाण्यात सांध्यांवर भार येत नाही, पण छाती आणि दम तयार होतो. पूर्ण वेगाची पळ मात्र काही दिवसांतून एकदाच दिली जाते. रोज पळवलेला बैल जत्रेपर्यंत थकतो. सरावानंतर अंग कोरडे पुसायचे, पायांना तेल चोळायचे, धाप थांबल्यावर पाणी दाखवायचे. या कामांत घरातल्या बायकांचा आणि मुलांचा हात मोठा असतो. बैल ज्याच्या हातचे खातो त्याच्या हाकेला ओळखतो, त्यामुळे धावपट्टीवर कासरा कोणाच्याही हातात असला, तरी बैल शांत ठेवण्याचे काम घरच्या माणसाचेच.

खुरांची निगा वेगळीच. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून नाल दोन तुकड्यांत ठोकावी लागते. नालबंद बैल आडवा पाडून पाय बांधतो, खूर तासतो आणि पातळ पत्री बसवतो. खिळा थोडा आत गेला तरी बैल लंगडतो, त्यामुळे हे काम शर्यतीच्या आदल्या दिवशी कोणी करत नाही.

एकटा बैल कितीही वेगवान असला, तरी छकड्याला दोन लागतात आणि दोन सारखे बैल एकाच दावणीला असणे दुर्मीळ. म्हणून पैरा केला जातो: एका मालकाचा बैल दुसऱ्या मालकाच्या बैलाशी जुंपायचा. बैल कोणत्या खांद्याला पळतो, डाव्या की उजव्या, हे इथे निर्णायक ठरते. दोन्ही खांद्यांना पळणाऱ्या बैलाला मागणी जास्त. एक बैल सुटताना झेप घेतो, दुसरा शेवटच्या टप्प्यात वेग धरतो. दोघांची चाल जुळली नाही तर छकडा तिरका जातो आणि गाडीवानाचा जीव धोक्यात येतो. पैऱ्याची बोलणी म्हशाच्या बाजारात, लग्नात, फोनवर चालू राहतात, आणि त्यातून वेगवेगळ्या गावांच्या आणि समाजांच्या घरांत कायमचा घरोबा होतो. ठाणे-रायगड पट्ट्यात बिनजोड शर्यतीची आवड मोठी. तिथे दोनच छकडे एकमेकांविरुद्ध सुटतात, त्यामुळे पैरा चुकला तर ते झाकता येत नाही.

अशी तयारी घोड्यांच्या शर्यतीतही दिसते. ब्रिटनमध्ये अडथळा शर्यतींचा चेल्टनहॅमचा उत्सव मार्चमध्ये भरतो. त्यातल्या गोल्ड कपमध्ये घोडा पाच किलोमीटरहून अधिक अंतर धावतो आणि 22 अडथळे ओलांडतो. बैलाची शर्यत काही सेकंदांत संपते. महिन्यांचा खुराक, पहाटेचा सराव, पायांची काळजी आणि ऐनवेळी जनावर आजारी पडण्याची धास्ती मात्र दोन्हीकडे सारखीच.

या खेळाला क्रौर्याचा इतिहासही आहे. टोकदार खिळे, विजेचे झटके, शेपटी चावणे, दारू पाजणे असे प्रकार घडत आले आणि त्यांमुळेच प्रश्न न्यायालयात गेला. 2011 मध्ये केंद्र सरकारने प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. बंदीच्या काळात अनेक गोठे रिकामे झाले. ज्यांनी तरीही बैल विकले नाहीत, त्यांनी काहीही मिळकत नसताना त्यांना वर्षानुवर्षे पोसले.

आता शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धावपट्टी 1000 मीटरपेक्षा लांब असू शकत नाही आणि बैल तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. काठी, चाबूक, टोचणी यांना बंदी आहे. नियम मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जे गोठे मारावर अवलंबून होते त्यांना हे नियम जाचतात. ज्यांनी बैल खुराकावर आणि सवयीवर तयार केला, त्यांना यात अडचण वाटत नाही. दाखल्यामुळे लाळ्या-खुरकूत आणि लम्पीच्या लसीही वेळेवर टोचल्या जातात. लम्पीची धास्ती खरी आहे: 2022 मध्ये या साथीमुळे राज्यात गुरांचे बाजार आणि शर्यती थांबवाव्या लागल्या होत्या.

जत्रेच्या आदल्या दिवशी काम कमी आणि जागरण जास्त. बैलाला धुऊन शिंगांना तेल लावतात. रात्रीचा चारा हलका ठेवतात, कारण भरल्या पोटाचा बैल लवकर धापतो. पहाटे टेम्पोत खाली पेंढा आणि माती पसरून त्याला चढवतात, सोबत घरचेच पाणी घेतात. मैदानावर झूल उतरते, शिवळाट खांद्यावर येते आणि इशारा होताच छकडा सुटतो. जिंकलेल्या बैलावर गुलाल पडतो. डोळ्यांत गेलेला गुलाल घरी आल्यावर कोमट पाण्याने धुतला जातो. हरलेल्या बैलाचेही पाय त्याच रात्री शेकले जातात. दुसऱ्या दिवसापासून धान्य कमी करून हिरवा चारा वाढवतात आणि पुढची जत्रा ठरेपर्यंत त्याला नुसते फिरवतात. ज्येष्ठात पाऊस लागला की सराव थांबतो. वय झालेला बैल हलक्या कामाला लागतो किंवा दावणीलाच राहतो, आणि पिठोरी अमावास्येला त्याची पूजा इतर बैलांच्या आधी होते.